हार्मोनची गोळी सुरू झाली: आता खायचं काय, राहायचं कसं?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो संपली, रेडिएशनचे शेक घेऊन झाले की डॉक्टर बऱ्याच जणींना हार्मोनचं काम अडवणारी एक छोटीशी गोळी लिहून देतात. रोज एक, पाच वर्षं. घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं. आणि नेमकं तिथून पुढे सांगणारं कुणी उरत नाही. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, आणि बाहेर आलो की मावशीपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत प्रत्येकीकडे पथ्याची वेगळी यादी तयार असते.

मी आधी टॅमॉक्सिफेन घेतली, पाळी कायमची गेल्यावर लेट्रोझोल. दोन्ही गोळ्यांचा त्रास वेगळा असतो, त्यामुळे खाण्यात काय जपायचं तेही बदलतं. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. इथे लिहिलेलं डॉक्टरांना विचारून, आहारतज्ज्ञांकडे बसून आणि स्वतः अनुभवून जमवलेलं आहे. तुमचं औषध बदलायचं का, थांबवायचं का, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. औषध ही गोळीच आहे. आहार आणि व्यायाम त्या गोळीची जागा घेत नाहीत. इतकी वर्षं ती गोळी सुखानं घेता यावी, मध्येच कंटाळून सोडावीशी वाटू नये, यासाठी ते आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं की, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी) बायकांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली तर पुढच्या पंधरा वर्षांत या आजारानं मृत्यू येण्याचा धोका जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतो. कुठल्याही रसात, काढ्यात किंवा पथ्यात एवढी ताकद नाही.

१. आधी आपली फाइल वाचा

तुमच्या गाठीच्या तपासणीत आयएचसी नावाचा एक रिपोर्ट असतो. त्यात ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) अशी दोन नावं शोधा; रिसेप्टर म्हणजे पेशीतली हार्मोन धरणारी जागा. ईआर १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशींत सापडला तर तो पॉझिटिव्ह धरतात. काही लॅब टक्के देतात, काही ८ पैकी गुण देतात. पॉझिटिव्ह म्हणजे तुमच्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनवर वाढत होत्या. अंडाशय काढल्यावर काही जणींच्या स्तनातल्या गाठी आक्रसतात हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननी १८९६ मध्येच दाखवलं होतं. आजच्या गोळ्या तेच काम पोट न फाडता करतात.

मग कोणती गोळी मिळाली आहे ते बघा.

टॅमॉक्सिफेन, बहुधा २० मिलिग्रॅम. ही पेशींपर्यंत इस्ट्रोजेन पोचू देत नाही. पाळी चालू असलेल्या बायकांना प्रामुख्याने हीच देतात, पण पाळी गेलेल्यांनाही चालते.

लेट्रोझोल २.५, अ‍ॅनास्ट्रोझोल १ किंवा एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. पाळी गेल्यावर अंडाशय थांबतात, पण चरबीत आणि इतर काही ठिकाणी थोडं इस्ट्रोजेन तयार होतच राहतं. ते तयार करणाऱ्या अ‍ॅरोमाटेज नावाच्या एन्झाइमला या गोळ्या अडवतात. एक्झेमेस्टेन जेवणानंतर घ्यायची असते, बाकीच्यांना जेवणाचं बंधन नाही.

पाळी चालू असताना या दुसऱ्या गटातली गोळी दिली असेल तर सोबत अंडाशय झोपवणारं इंजेक्शन असतं. गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी पोटाच्या त्वचेखाली देतात. ती तारीख लग्नकार्यासाठी पुढे ढकलायची नसते.

इथला मोठा धोका: केमोनं पाळी बंद झाली म्हणजे ती कायमची गेली असं नाही. तरुण बायकांची पाळी वर्ष-दीड वर्षानंतरही परत येते. इंजेक्शनशिवाय लेट्रोझोल घेत असताना अंगावरून जायला लागलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, कारण अंडाशय जागे असताना ती गोळी एकटी काम करत नाही. आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात. ही गोळी गर्भाला घातक आहे, म्हणून कॉपर-टी किंवा निरोध वापरा. गर्भनिरोधक गोळ्या नकोत, त्यात हार्मोन असतात.

२. सुरुवातीलाच या गोष्टी जमवा

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये:

- गाठीचा आणि आयएचसीचा रिपोर्ट, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, केमो-रेडिएशनचा सारांश
- हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी (लेट्रोझोल गटातली गोळी किंवा अंडाशयाचं इंजेक्शन असेल तर सुरुवातीलाच, मग साधारण दर एक-दोन वर्षांनी)
- ड जीवनसत्त्व, कोलेस्टेरॉल, साखर, लिव्हर आणि थायरॉइडचे ताजे रिपोर्ट
- तुम्ही घेता त्या *सगळ्या* गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट
- दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन सुरू करायचं असेल तर त्याआधी दात काढायचे-भरायचे ते उरकून घ्यावे लागतात, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड क्वचित बरं होत नाही

घरात एक वजनकाटा, आठवड्याच्या वारांची गोळ्यांची डबी आणि साधी शंभर पानी वही. वहीत काय लिहायचं ते पुढे येईलच.

पैशांचंही सांगते. या गोळ्या महिन्याला लागतात, वर्षानुवर्षं लागतात. ब्रँडपेक्षा जेनेरिक खूप स्वस्त पडतात, जनौषधी केंद्रात आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईला तपासणीला येणाऱ्यांसाठी रेल्वेची सवलत आहे. कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं माफ असतं, सोबत्यालाही सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. तो परतीच्या तिकिटासाठीही लागेल हे तेव्हाच सांगा.

३. गोळीची वेळ ठरवा

सकाळी की रात्री, तुमच्यावर आहे. रात्री घेतल्यावर झोप उडत असेल तर सकाळी करून बघा, सकाळी मळमळत असेल तर रात्री. मात्र रोज साधारण तीच वेळ. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

नवरात्र, एकादशी, चतुर्थी असली तरी गोळी बंद करायची नाही. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीनं उपवास मोडत नाही. एक्झेमेस्टेन असेल तर फराळानंतर घ्या.

४. ताटाकडे बघा: आधी हाडं

लेट्रोझोल गटात इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर येतं आणि हाडं झपाट्यानं विरळ होतात. आणि नेमक्या याच काळात बायका दूध बंद करतात! "दुधात हार्मोन असतात, कॅन्सरवाल्यांनी घ्यायचं नाही" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की आता ऐकलं की पोटात गोळा येतो. दूध-दह्यानं हा आजार परत येतो असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. उलट बसल्याजागी पडून मनगट मोडलेल्या बायका मी ओपीडीत बघितल्या आहेत.

दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपल्या स्वयंपाकघरातून ते कसं जमतं बघा:

- पेलाभर (२०० मिली) दूध: २४० च्या आसपास
- मोठी वाटी दही: १८० च्या आसपास
- नाचणीच्या दोन भाकऱ्या, मिळून १०० ग्रॅम पीठ धरून: साडेतीनशे
- न सोललेल्या तिळाची चटणी, मोठा चमचाभर: नव्वद

झाले साडेआठशेच्या वर. वरण, उसळ, माठाची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी धरली की हजाराचा आकडा गाठतो. पालक खा, पण कॅल्शियमसाठी त्याच्यावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते अंगी लागत नाही. दूध पचत नसेल तर ताक, दही. जे मासे खातात त्यांनी काट्यासकट खाता येणारे बारके मासे खावेत. सुकट चांगली, पण तिच्यात मीठ फार असतं.

जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून घ्या. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं असलं तर त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आपल्याकडे सर्रास देतात. त्या आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, एवढ्याच असतात. काही जणी दुकानातून स्वतःच आणून वर्षभर घेत राहतात. ते अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवून किडनीला त्रास देतं. रक्त तपासून, विचारूनच.

५. मग वजन

वजनाचा विषय निघाला की बायका ओशाळतात. ओशाळायचं काही कारण नाही. केमोबरोबरचं स्टेरॉइड, बसून काढलेले महिने, अचानक आलेली पाळीबंदी, सगळ्यांनी मिळून ते वाढवलेलं असतं. पण ते उतरवायला हवं, कारण पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन बनवायचं मुख्य ठिकाण चरबी हेच आहे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांच्या लिव्हरवर चरबी साठायचा धोका असतो, तेही एक कारण.

मला जे लागू पडलं ते साधं आहे. भाताची मूद निम्मी केली आणि त्या जागी उसळ वाढवली. मटकी, मूग, चवळी, हुलगे आलटून पालटून. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम तरी हवीत, आणि आपल्या नेहमीच्या जेवणात तीच कमी असतात. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी एवढ्यात ती भरत नाहीत. अंडं खात असाल तर रोज एक खा, सहा ग्रॅम तिथंच मिळतात. पनीर घरी फाडलेलं, भाजलेले चणे, मूठभर शेंगदाणे.

साखरेबद्दल: एक चमचा साखरेच्या चहानं कॅन्सर फोफावत नाही. पण शिरा, बिस्किटं, सरबतं यांनी वजन वाढतं, म्हणून ती कमी करा. साखरेऐवजी गूळ घेतला म्हणून फरक पडत नाही. आणि हाडांसाठी म्हणून प्रेमानं येणारे डिंकाचे लाडू हिवाळ्यात एखादा ठीक आहेत, डबाभर नकोत. उपवासाला साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेले पापड एकाच दिवशी होतात, त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भगर, दही आणि शेंगदाण्याची आमटी करा.

दारू घेत असाल तर बंद करणं उत्तम. थोड्या दारूनंही इस्ट्रोजेन वाढतं.

फक्त फळांवर राहणं, महिनाभर रस, पूर्ण कच्चं खाणं यांच्या वाटेला जाऊ नका. वजन उतरतं ते स्नायूंचं, आणि थकवा दुप्पट होतो. केमोत बंद केलेली कच्ची कोशिंबीर मात्र आता रक्तपेशी सुधारल्यावर, स्वच्छ धुऊन, बिनधास्त सुरू करा.

६. सोयाबीन, जवस, हळद: भीती कुठे खरी, कुठे खोटी

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे घटक असतात म्हणून ते विष मानलं जातं. शांघायमधल्या हजारो रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जास्त सोया खाणाऱ्या बायकांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण कमीच दिसलं. म्हणून सोयाच्या वड्यांची भाजी, टोफू, पिठात थोडं सोयाबीन चालतं. पाळीच्या त्रासासाठी मिळणाऱ्या सोया आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल मात्र नकोत. जवसाची चटणी जेवणात चमचाभर घ्या, तिच्यानं पोटही साफ राहतं.

हळदीचंही तसंच आहे. भाजी-आमटीतली हळद हवी तेवढी घाला. पण काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलनी टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणारं परिणामकारक औषध रक्तात कमी होतं, असं नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात २०१९ साली दिसलं.

खरी काळजी घ्यायची ती कपाटातल्या बरण्यांची. आपल्याकडे बाई थकली की दुधात शतावरी कल्प घालून द्यायची पद्धत आहे. शतावरी आणि ज्येष्ठमध या दोन्हींत इस्ट्रोजेनसारखं काम करू शकणारे घटक असतात. हार्मोन अडवायची गोळी एका हातानं घ्यायची आणि दुसऱ्या हातानं हे, याला अर्थ नाही. अश्वगंधा आणि गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. गुळवेलाच्या तर मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या. सासूबाई किंवा आई वाईट वाटून घेतील असं वाटत असेल तर बरणी घेऊन त्यांनाच डॉक्टरांसमोर न्या. माझ्या आईला डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं, आणि त्या दिवसापासून तीच माझ्या गोळीची राखण करते.

पपनस आणि ग्रेपफ्रूट काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतात. हार्मोनच्या गोळीसोबत पाल्बोसायक्लिब किंवा रायबोसायक्लिब चालू असेल तर ही दोन्ही फळं टाळायचीच. संत्री-मोसंबी खुशाल खा.

७. सांधे धरले की: सोडायच्या आधी हे करा

लेट्रोझोल गटातली गोळी बायका सोडतात ती बहुतेक वेळा या त्रासापायी, म्हणून इथे जरा थांबते.

सुरू केल्यावर थोड्याच महिन्यांत सकाळी हाताची बोटं वळेनाशी होतात. मूठ अर्धी मिटते आणि तिथंच अडते. कुकरचं झाकण लागत नाही, भाकरी थापताना तळहात परातीवर टेकवत नाही, साडीची पिन लावायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. जमिनीवरून उठताना गुडघे म्हाताऱ्या माणसासारखे कुरकुरतात. थोडं हिंडल्या-फिरल्यावर सुटतं, आणि बसलं की पुन्हा धरतं. हा संधिवात झाला म्हणून घाबरू नका, आणि "वयानं होतंच" म्हणून गप्पही बसू नका.

सकाळी उठल्या उठल्या बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात दोन्ही हात बुडवा आणि पाण्यातच मूठ उघडा-मिटा. मी एका हातात ओला नॅपकिन घेऊन पिळायचे, आधी अर्धवट, मग जमेल तसा घट्ट. त्यानंतर चहाचा कप धरता यायचा.

याच्यावरचं सिद्ध झालेलं औषध म्हणजे हालचाल. दुखतंय म्हणून पडून राहावंसं वाटतं हे खरं आहे, पण पडून राहिलं की जास्त धरतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या होप अभ्यासात ही गोळी घेऊन सांधे दुखणाऱ्या बायकांकडून आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम वर्षभर करवून घेतला. त्यांच्या सर्वांत वाईट वेदनेचा गुण जवळपास तीस टक्क्यांनी उतरला. १५० मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एकदम जमत नसेल तर सकाळी दहा, दुपारी दहा, जेवणानंतर दहा.

वजनांसाठी जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. ऑपरेशनच्या बाजूच्या हातानं काही उचलायचंच नाही असं आपल्याला सांगितलेलं असतं. हळूहळू, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली वजन वाढवत नेलं तर हाताची सूज वाढत नाही, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. सूज आधीच असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवून, हाताला दाब देणारी बाही घालून करा.

योग करत असाल तर डेक्साचा आकडा बघा. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याच्याही खाली असेल तर पुढे वाकायची आसनं, म्हणजे पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन, नकोत. विरळ झालेल्या मणक्यावर तिथं दाब येतो. सूर्यनमस्कारही विचारून.

एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल इतकं दुखत असेल तर डॉक्टरांकडे आणखी मार्ग असतात. थोडे आठवडे गोळी थांबवून दुसरी सुरू करणं, म्हणजे लेट्रोझोलऐवजी एक्झेमेस्टेन किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल, हा त्यातला सगळ्यांत सोपा. एकीला न मानवलेली दुसरीला मानवते, आणि एकाच बाईला एक सोसत नाही तिथं दुसरी सोसते. काहींना ड्युलॉक्सेटिननं आराम पडतो, काहींना टॅमॉक्सिफेनवर आणतात. दुकानातून पेनकिलर आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, किडनी आणि पोट दोन्ही बिघडतं. आणि गोळी गुपचूप बंद करून डॉक्टरांना "चालू आहे" म्हणू नका. त्यांना कळलं तर ते बदलून देतील, कळलंच नाही तर काय करणार?

८. अंगातून वाफा आणि उडालेली झोप

छातीतून गरम लाट वर चढते, मान-चेहरा पेटतो, घामानं पाठ भिजते आणि दोन मिनिटांत थंडी वाजायला लागते. आता वही काढा. वाफ कधी आली आणि त्याआधी तासभरात काय खाल्लं-प्यायलं, एवढंच आठवडाभर लिहा. एखादीला उकळता चहा, एखादीला ठेचा, एखादीला रागावणं. तुमचं कारण सापडलं की तेवढंच आवरा, सगळं खाणं बेचव करायची गरज नाही. चहा थोडा निवू द्या, दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, रात्री एका जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती चादरी म्हणजे एक काढता येते. उशाशी पाण्याचा तांब्या.

तरीही शाळेत, ऑफिसात, लोकलमध्ये जगणं कठीण होत असेल तर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन अशी हार्मोन नसलेली औषधं आहेत, मागून घ्या. पाळीबंदीचे हार्मोन असलेले पॅच-गोळ्या आपल्यासाठी नाहीत.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी हे फोनमध्ये लिहून ठेवा: पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही नैराश्याची औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात. मन उदास झालं, रडू थांबत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर जा, फक्त गोळीचं नाव आधी सांगा. ते दुसरं औषध देऊ शकतात.

९. जे कुणी विचारत नाही

योनीमार्ग कोरडा पडतो. जवळीक दुखते, लघवीला जळजळ होते, आणि नवऱ्याला वाटतं आता हिला आपण नको झालो. समोर पुरुष डॉक्टर, शेजारी मुलगा उभा, कसं बोलणार? चिठ्ठीवर लिहून द्या. "कोरडेपणा आहे, संबंधात दुखतं" एवढे शब्द पुरतात. चिठ्ठी वाचून डॉक्टरांनी मुलाला बाहेर पाठवलं आणि नर्सला आत बोलावलं, इतकं ते सहज झालं.

हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं, आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट. औषधाच्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही. इस्ट्रोजेनचं क्रीम कुणी स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून दिलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. नवऱ्याला एकदा सोबत नेऊन हे गोळीमुळे होतंय हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. घरातलं अर्धं अवघडलेपण तिथं संपतं.

१०. कधी थांबायचं नाही, लगेच जायचं

- एका पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं: टॅमॉक्सिफेननं रक्ताची गुठळी होऊ शकते. रात्र असली तरी इमर्जन्सीत जा.
- पाळी गेल्यानंतर टॅमॉक्सिफेनवर असताना अंगावरून थेंबभर रक्त गेलं तरी दाखवा. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, आणि तो लवकर कळला तर बरा होतो.
- दिसायला धूसर झालं, डोळे-लघवी पिवळी झाली, उभ्या उभ्या पाठीत कळ येऊन राहिली.

उलट बाजूचा सापळाही आहे. रक्तस्राव नसताना उगाच सोनोग्राफी केली की गर्भाशयाचं "अस्तर जाड" असं बऱ्याचदा येतं, कारण टॅमॉक्सिफेननं ते तसं दिसू शकतं. घाबरून क्युरेटिंगला किंवा पिशवी काढायला तयार होण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं किंवा लांबचा विमानप्रवास असला तरी ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा.

११. पाच वर्षं जवळ आली की

पाच वर्षं झाली म्हणून स्वतःहून बंद करू नका. हार्मोन पॉझिटिव्ह आजार पाच वर्षांनंतरही, कधी कधी खूप उशिरा, परतू शकतो, म्हणून काहींना सात किंवा दहा वर्षांपर्यंत गोळी वाढवतात. काखेतल्या गाठी किती होत्या, हाडं कशी आहेत, गोळी किती मानवली, यावर ते ठरतं. शेवटच्या वर्षात ओपीडीला जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या: मला वाढवायची का? कोणती? वाढवली तर पुढची डेक्सा कधी? बंद केली तर हाडांचं इंजेक्शन चालू ठेवायचं का? आणि शेवटचं पाकीट संपायच्या महिनाभर आधीची अपॉइंटमेंट घ्या, म्हणजे निर्णय होईपर्यंत गोळीत खंड पडणार नाही.